दुसऱ्या आवृत्तीच्या दुरुस्त्या

आमच्या शेजारचे काका निवृत्त मास्तर, कोकणातल्या ज्यूंच्या बेने इस्रायल समाजाचे. तरुणपणी त्यांनी मराठीतून हिब्रू शिकवणारं एक पुस्तक लिहिलं आणि रत्नागिरीतच छापून घेतलं. छपाईला हिब्रू अक्षरांचे खिळे इथे कुठले मिळायला? अक्षरं हाताने काढून त्यांचे ब्लॉक केले. इस्रायलला निघालेल्या समाजाच्या पोरांचं तिकडे अडू नये, एवढाच हेतू. पोरं शिकली आणि गेली. मागोमाग आईबापही गेले. "माझ्याच पुस्तकान आळी रिकामी केली गो," काका हसत म्हणायचे. मला ते हसणं कधी सोसलं नाही.

काकू वारल्यावर त्यांनी दुसऱ्या आवृत्तीचा ध्यास घेतला. पडवीत बसून स्वतःच्याच प्रतीवर तांबड्या पेनाने दुरुस्त्या करायचे. "इथे मुलं अडतात, धडा मोडून दोन करावे." "असं कोण बोलतं? बदला." फणसाला हिब्रूत काय म्हणतात ते काही त्यांना सापडलं नाही. शेवटी समासात लिहिलं, "फणस म्हणजे फणस."

"काका, आता शिकायला आहे कोण?" मी एकदा चिडून विचारलं.

"तू आहेस की." मग काय, मी बसले शिकायला. मुळाक्षरांच्या पुढे गाडी फारशी सरकली नाही.

गेल्या दिवाळीआधी काका गेले. मुलगा महिन्याभराने घर आवरायला आला. लहानपणीच नातेवाइकांबरोबर तिकडे गेलेला, मराठी बोलतो पण वाचता येत नाही. समासातलं सगळं मी त्याला वाचून दाखवलं. फणसाशी तो हसला आणि ती ओळ त्याने पुन्हा वाचायला लावली.

त्यांच्यात देवाचं नाव असलेलं पुस्तक जीर्ण झालं की रद्दीत घालत नाहीत, कबरस्तानात पुरतात. या पुस्तकात शेवटी प्रार्थना होत्या आणि वाळवीने पानांची चाळण केली होती. "बाबांच्या शेजारी ठेवूया," तो म्हणाला. माझं डोकंच फिरलं.

"अरे, एवढे खपले ते यावर! छापायचं सोडून पुरतोस कसला?"

"छापतो, ताई. पण तिकडे मराठी कोण वाचणार? आणि इकडे हिब्रू?"

"मी वाचेन."

त्याने एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. तांबडी मराठी मी घडाघडा वाचली. छापलेल्या हिब्रू ओळीवर बोट ठेवलं आणि दुसऱ्याच शब्दाला अडले. तो थांबला होता, घाई त्याने मुळीच केली नाही. मग मीच पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं. काका गेले तेव्हा मी रडले नव्हते, एवढी त्या दिवशी कबरस्तानात रडले.