मुलाखतीच्या साहेबांना चिकू

पदवीच्या शेवटच्या वर्षी मी चिकूच्या किडीवरचा प्रकल्प एका सीनियरच्या अहवालातून जसाच्या तसा उतरवला. जसाच्या तसा म्हणजे आभाराच्या पानासकट. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी ते पान उघडलं आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या पत्नीने आणि दोन मुलांनी खाल्लेल्या खस्तांबद्दल आभार मानलेत. मुलं कितवीत आहेत?" मी तेव्हा वीस वर्षांची होते, बिनलग्नाची होते आणि, हे वेगळं सांगायला नको, मुलगी होते.

त्यात आणखी लाजेची गोष्ट अशी, की झाई गावाला माझ्या सख्ख्या मामाची चिकूची वाडी आहे. डहाणूहून बसने गेले असते तर हवी तेवढी कीड बघायला मिळाली असती. पण त्या महिन्यात मामेबहिणीचं लग्न होतं आणि मी त्याच वाडीत, त्याच झाडांखाली, हळदीला नाचत होते. कॉलेजने मला एक वर्ष परीक्षेला बसू दिलं नाही आणि नोंद झाली ती कायमची.

खरा मार बसला बाबांना. ते तलासरीच्या शाळेत शिक्षक. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. "मुलगी काय करते सध्या?" असं कोणी विचारू नये म्हणून ते मधल्या सुट्टीत स्टाफरूम सोडून मैदानात जाऊन उभे राहायला लागले. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते ओरडले नाहीत.

ते वर्ष मी मामाच्या वाडीत गळलेली फळं वेचून पुरण्यात काढलं. पुढे परीक्षा दिली, पास झाले आणि एम.एस्सी.साठी अर्ज करायला लागले. प्रत्येक अर्जात एक प्रश्न असायचाच: पूर्वी गैरप्रकाराबद्दल कारवाई झाली आहे का? मामा म्हणाला, "नाय म्हणून लिही ना. पुण्या-मुंबईहून इथे कोण बघायला येतंय? काय वांधा नाय." बाबांनी खुलासा लिहून दिला. त्याची सुरुवात 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी होती आणि शेवट आला तरी मी नेमकं काय केलं ते काही त्यात येत नव्हतं. मी तो बाजूला ठेवला आणि सरळ लिहिलं, की चोरी केली आणि आळसापायी केली. दोन विद्यापीठांनी तत्परतेने नकार कळवला. तिसऱ्याने, पुण्यातल्या, मुलाखतीला बोलावलं. ते हुकलं असतं तर अर्ज करायला दुसरं ठिकाणच उरलं नव्हतं.

निघताना आईने चिकूचा खोका हातात दिला. आमच्याकडे कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जात नाहीत. डॉक्टरला चिकू, बँकेतल्या साहेबांना चिकू, मुलगी नाकारून जाणारे पाहुणेसुद्धा चिकू घेऊनच जातात.

"आई, माझ्या नावावर चोरी आहे," मी म्हटलं. "खोका घेऊन गेले तर त्यांना काय वाटेल?"

"काय वाटायचंय? चांगल्या घरची आहे असं वाटेल."

आईशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. खोका पिशवीत घालून दिला होता. तो बाहेर शिपायाकडे ठेवायचा आणि परतताना एका लांबच्या आत्याकडे टाकायचा, असं मी ठरवलं.

पण वाडीतून खोका कुठे जायचा असला, की झाकणावर जाड पेनाने घेणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे. आईने सवयीने तेही करून ठेवलं होतं. शिपाई नेकीचा माणूस निघाला. पिशवी ओघळली, त्याने नाव वाचलं आणि माझी मुलाखत सुरू असताना खोका आत आणून टेबलाच्या मधोमध ठेवला. झाकणावर लिहिलं होतं, 'मुलाखतीचे साहेब, पुणे. ही बाजू वर.'

पलीकडे एक सर आणि एक मॅडम होत्या. त्यांच्यासमोर माझा अर्ज नेमका त्याच प्रश्नावर उघडा होता.

"म्हणजे आधी चोरी आणि आता लाच," सर म्हणाले.

खरं तर मला रडू यायला हवं होतं. पण राग माझ्या नाकावर बसलेलाच असतो. मी म्हटलं, "सर, लाच द्यायची असती तर पिकलेले आणले असते. हे अजून दगड आहेत. पेंढ्यात घालून ठेवले तर तीन-चार दिवसांनी खायला होतील, तोवर तुमचं काय ते ठरून गेलेलं असेल."

मॅडमनी झाकण काढून एक फळ उचललं, फिरवलं आणि एका बारीक भोकावर बोट ठेवलं. "आणि हे काय?"

मामाने घरचाच मामला म्हणून किडका माल खपवला होता.

"बी पोखरणारी अळी," मी म्हटलं. "हे भोक आत शिरल्याचं नाही, बाहेर पडल्याचं आहे. शिरते फळ कोवळं असताना, तेव्हा काही दिसत नाही. आत बसून बी खाते आणि फळ तयार झालं की निघून जाते." मग मला थांबताच येईना. गळलेली फळं का पुरायची, मामा फवारणी करायला कसा उशीर करतो, त्यावरून आमचं कसं वाजतं, सगळं सांगून टाकलं.

"हे कुठल्या अहवालातलं?" सरांनी विचारलं.

"अहवालात यातलं काहीच नव्हतं सर. त्या माणसाने अळी पाहिलीच नसावी."

सर हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "खोका परत न्या, नियम आहे," त्या म्हणाल्या, आणि हातातलं किडकं फळ त्यांनी टेबलावर आपल्या बाजूला ठेवलं. "हा नमुना आहे. हा राहू दे."

निवड झाल्याचा मेसेज रविवारी सकाळी आला. मी मोबाइल बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, पुन्हा वाचला आणि परत दिला. मग त्यांनी मला विचारलं, "शाळेत सांगू का?"

मुलं जशी घरी जायची परवानगी मागतात, तसं विचारलं. मला एकदम रडायलाच आलं. "सांगा ना बाबा," एवढंच कसंबसं म्हणाले.

"आज रविवार आहे, शाळा बंद," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबांनी तरीही इस्त्रीचा शर्ट घातला आणि तलासरीची बस पकडली.