लालबागच्या लॅबमधलं पातळ मीठ

रिसर्च पेपरमध्ये फक्त जमलेले प्रयोग छापून येतात. न जमलेले प्रयोग आणि त्यांच्या आजूबाजूला घडलेल्या गोष्टी चहाच्या टेबलावर साचत राहतात. आमच्या लॅबमध्ये न जमलेले प्रयोग भरपूर, त्यामुळे किश्शांचा साठाही तसाच. कोणी जुना लॅबमेट भेटला की एक निघतो, मग त्याच्या शेपटीला धरून दुसरा.

लॅब लालबागला, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. सबनीस सर आमचे गाइड. मी त्यांच्याकडे पीएचडीला आलो आणि तिथेच चिकटलो. विषय आयॉनिक लिक्विड. सोप्या भाषेत सांगायचं तर असं मीठ, जे नेहमीच्या हवेतही पातळच असतं. दिसायला मधासारखं. उडून जात नाही, वास येत नाही, आणि बाकी कशात न विरघळणाऱ्या वस्तू त्यात विरघळतात. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

*

माझ्यासाठी स्थळं बघायचं चालू होतं. गिरगावातलं एक घर. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा नक्की काय करतो?"

आई म्हणाली, "मिठावर रिसर्च करतो."

"अरे वा! मिठागरं कुठे तुमची? भांडुपला की वडाळ्याला?"

"छे हो, मिठागर कुठलं! लॅबमध्ये बनवतो. एवढ्याशा बाटलीत."

ते गृहस्थ काळजीने म्हणाले, "एवढं पुरतं?"

त्या घरातून परत फोन आला नाही. पुढच्या स्थळाला आईने "केमिकलमध्ये आहे" एवढंच सांगितलं. जमलं!

*

आमच्या क्षेत्रात आयॉनिक लिक्विडला 'ग्रीन सॉल्व्हंट' म्हणायची पद्धत आहे. ग्रीन म्हणजे हवा न बिघडवणारं. एका पेपरचे वार्ताहर आणि फोटोग्राफर सरांची मुलाखत घ्यायला आले. सरांनी तासभर समजावलं. फोटोची वेळ आली तेव्हा सरांनी मोठ्या अभिमानाने एक फ्लास्क हातात घेतला. आत अगदी पाण्यासारखं स्वच्छ लिक्विड. एवढं शुद्ध करायला आमचा जीव गेला होता.

फोटोग्राफर म्हणाला, "सर, हिरवं कुठाय?"

"अहो, ग्रीन हे नाव आहे. रंग नाही."

"फोटोत कळणार नाही, सर." त्याने इकडे तिकडे पाहिलं, बेसिनजवळची बाटली उचलली आणि सरांच्या हातात दिली. "हे चालेल. मस्त हिरवं आहे!"

सर इतके गोंधळले की त्यांनी ती धरली. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. पर्यावरण वाचवणारं द्रव हातात घेऊन सबनीस सर. हातात भांडी घासायचं लिक्विड!

सरांना वाईट वाटेल म्हणून आम्ही पेपर लपवला. त्यांनी स्वतःच दुसरा आणून फ्रेम केला.

*

जर्मनीहून एक प्राध्यापक लॅब बघायला आले. उंच, शिस्तीचे, कमी बोलणारे. सरांनी बोर्डवर लिहून सांगितलं की आमच्या लिक्विडची वाफ होत नाही, त्यामुळे श्वासातून काहीही जात नाही.

दिवस एप्रिलचे. आमच्या खिडकीखाली मिरची-मसाला दळायच्या गिरण्या. लालबागला अर्धी मुंबई त्या दिवसांत मसाला करायला येते. आम्हाला सवय. पाहुण्यांना एक शिंक आली, मग दुसरी, मग डोळ्यांतून पाणी. ते फ्लास्कपासून चार पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "प्रोफेसर, यू सेड नो व्हेपर?"

सर त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेले. दळणाऱ्या बाईंना म्हणाले, "ताई, ह्यांना जरा दाखवा काय चाललंय ते."

बाईंनी चमचाभर ताजा मालवणी मसाला त्यांच्या तळहातावर ठेवला. आम्ही अडवायच्या आत त्यांनी तो तोंडात टाकला!

पुढची दहा मिनिटं ते नुसतं पाणी पीत होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "किलो?" तेव्हापासून दर वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा ईमेल येतो. त्यात केमिस्ट्रीचं एक वाक्य नसतं.

*

अंबरनाथचे एक कारखानदार आमच्या कामावर फार खूश झाले. आम्ही दिलेल्या सॅम्पलमध्ये त्यांची रिअ‍ॅक्शन अशी काही छान झाली की त्यांनी सरांना थेट फोन लावला. "सर, फर्स्ट क्लास! टँकर कधी पाठवू?"

सर म्हणाले, "टँकर राहू दे. ती बाटली पुसून परत पाठवाल का? आमच्याकडे होतं ते सगळं तुम्हाला दिलंय."

*

प्राजक्ता माझी ज्युनिअर. भोईवाड्याची. घरी वडील आजारी, फेलोशिपची मुदत संपत आलेली आणि हातात सांगण्यासारखा एकही रिझल्ट नाही. एका सकाळी ती नाचतच माझ्या टेबलापाशी आली. तिने बनवलेलं लिक्विड पाण्याइतकं पातळ झालं होतं! ह्या लिक्विडचा जाडपणा ही जगभरची डोकेदुखी. तो कमी झाला म्हणजे मोठीच गोष्ट. तिने घरी पेढेसुद्धा वाटून टाकले.

सरांनी बाटली तिरकी करून पाहिली.

"कधी बनवलंस?"

"जुलैत, सर."

"ठेवलं कुठे होतंस?"

"इथेच. खिडकीत."

सरांनी बाटली अगदी हळू खाली ठेवली. "प्राजक्ता, मुंबईची हवा प्यायलंय गं ते. पाणी आहे त्यात."

ती बॅग उचलून घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ती बाटली सरांनी धुवू दिली नाही. चौथ्या दिवशी प्राजक्ता आली, ती नवीन बाटल्यांची पेटी घेऊनच. सगळ्या भरल्या आणि मुद्दाम खिडकीत ओळीने मांडल्या. कुठलं लिक्विड किती ओल पितं, प्यायल्यावर त्याचं काय होतं, हाच तिने विषय केला. दमट हवेच्या देशात हे कोणीतरी मोजायला हवंच होतं.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक फार प्रभावित झाले. म्हणाले, "हा विचार मूळ आला कुठून?"

प्राजक्ता म्हणाली, "खिडकीतून, सर."

*

माझे बाबा मालवणचे. तरुणपणी मुंबईला आले आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले. कापड विणायचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बरीच कामं केली. त्यातल्या कुठल्याच कामाबद्दल ते घरी बोलले नाहीत. गिरणीबद्दलही नाही.

माझ्या लॅबमध्ये ते कधी आले नव्हते. एकदा परळच्या हॉस्पिटलात त्यांचे डोळे दाखवायचे होते. महिनाभर वाट पाहून मोठ्या डॉक्टरांचा नंबर मिळाला होता. वेळ दुपारची. आम्ही लवकर निघालो होतो, म्हणून मी त्यांना लॅबमध्ये आणून बसवलं.

त्या दिवसांत आम्ही सुती कापड विरघळवत होतो. जुने कपडे विरघळवायचे आणि त्यातून नवा धागा काढायचा. बाबा स्टूलवर बसून बघत होते. मग त्यांनी खिशातून आपला पांढरा रुमाल काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हेचा कर."

मी रुमालाचे बारीक तुकडे केले, गरम लिक्विडमध्ये टाकले. चहा झाला. प्राजक्ताने बिस्किटं आणली. हळूहळू तुकडे दिसेनासे झाले. बीकरमध्ये काही उरलं नाही, नुसता मधासारखा स्वच्छ रस.

बाबा वाकून बघत राहिले. "कपडो खंय गेलो?"

"ह्यातच आहे, बाबा."

"आमच्या गिरणीच्या शेटचा काम सोपा केलंस रे तू," ते म्हणाले. प्राजक्ता हसली. ते हसले नाहीत.

मी तो रस सिरिंजमध्ये भरला, सुई पाण्याच्या ट्रेमध्ये धरली आणि दाबलं. पाण्यात पांढरा धागा उमटायला लागला. बाबांनी पाण्यात हात घालून त्याचं टोक चिमटीत पकडलं. गुंडाळायला जवळ काही नव्हतं. त्यांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, धागा त्यावर घेतला आणि पेन फिरवायला लागले. न बघता. वेग एकसारखा. मी जेवढं दाबत होतो, तेवढंच ते ओढत होते.

"काका, तुटेल हां, ओला आहे," प्राजक्ता म्हणाली.

तुटला नाही.

माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. मी हात थांबवला. "बाबा, निघूया. नंबर जाईल तुमचा."

त्यांनी मान वर केली नाही.

"जांव दी नंबर," ते म्हणाले. "तू काढ."