आरफाने नाव काढायला लावलं

आकुर्डीच्या गॅरेजवाल्या मोईजभाईंची आरफा एका कॉलेजात पेशींवर संशोधन करायची. पेशींच्या थरावर ओरखडा काढून ती वाढीला चालना देणारं प्रथिन टाकी. ते पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या रेणूला चिकटलं, की आत निरोप जाई आणि पेशी सरकत सरकत ओरखडा बुजवत. ग्राही अडवणाऱ्या औषधाने त्या थांबायला हव्या होत्या. पण त्या सरकतच राहिल्या.

"सर, निरोप दुसऱ्या वाटेनेही जात असेल. शोधूया?"

"कशाला? औषधाच्या बशीऐवजी प्रथिन न घातलेल्या बशीचा फोटो लाव, तिच्यात पेशी थांबल्यात. कोण बघतंय?" तिचे मार्गदर्शक सर चहात बिस्किट बुडवत म्हणाले.

आरफाने वही मिटली.

"मग माझं नाव काढा."

शोधनिबंध तिच्या नावाशिवाय छापला गेला. सरांच्या सत्काराचे फोटो प्रयोगशाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले, तेव्हा तिने किळसून ग्रुप सोडला. दुसऱ्या मार्गदर्शकाकडे ती आता तीच दुसरी वाट शोधतेय.