मौनीबाईची तपासणी

बसमध्ये कंडक्टर असलेल्या त्या बाईचं तोंड दिवसभर चालू असायचं. पुढे सरका, सुट्टे द्या, दारात उभं राहू नका. घरी आली की लेक मात्र समोर बसून नुसती बघायची. अडीच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. घरात तिचं नावच पडलं होतं, मौनीबाई.

"बोलेल गं," सासू म्हणायची. "तुझा नवरा कुठे लवकर बोलला? आता बघ, थांबतो का."

नवरा हसायचा. कंडक्टरबाईला हसू येत नसे. आपण पोरीला टाकून दिवसभर बाहेर, म्हणूनच ती अशी राहिली, हा किडा तिचं डोकं पोखरत होता. शेवटी लस द्यायला नेलं तेव्हा नर्सनेच सांगितलं, "एकदा बालविकास केंद्रात दाखवा."

तिथल्या बाई सरळ चटईवर मांडी घालून बसल्या. मौनीबाईने ठोकळे रचले, बाहुलीला जेवू घातलं, उशीखाली दडवलेला चेंडू शोधून काढला. मग बाईंनी तिच्या पाठीमागे हळूच खुळखुळा वाजवला. पोर आपली ठोकळ्यांतच. पुन्हा, जरा जोरात. तरी तेच. बाईंनी आधी कान तपासून घ्यायला सांगितलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. पडद्यामागे पाणी साचलेलं. पाण्यात बुडी मारून ऐकावं, तसं पोरीला सगळं ऐकू येत होतं. छोट्याशा ऑपरेशनने बरं होण्यासारखं होतं.

"मी घरी असते तर..." ती केंद्रातल्या बाईंना म्हणाली.

"तरी पाणी साचलंच असतं. तुमचं काही चुकलेलं नाही."

बाहेरच्या बाकावर बसून ती पोटभर रडली. सोबत आलेली सासू पाठीवरून हात फिरवत राहिली.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर सासूने मिक्सर लावला आणि मौनीबाई किंचाळून आईला बिलगली.

"घाबरली गं," सासू म्हणाली. कंडक्टरबाई लेकीला कडेवर घेऊन हसतच सुटली.

पुढे केंद्रातल्या बाई दर आठवड्याला घरी येऊ लागल्या. तिच्या समोर बसा, वस्तू हातात देऊन नाव सांगा, आणि मग गप्प राहून तिला वेळ द्या, असं त्यांनी तिघांनाही शिकवलं. गप्प राहणं नवऱ्याला सगळ्यात जड गेलं.

एका सकाळी सासू दुधाचा पेला घेऊन नातीच्या मागे लागली होती. मौनीबाईने पेला हाताने दूर सारला आणि स्वच्छ म्हणाली, "नको."

"बोलली ती बोलली, वर मलाच उलटून बोलली," सासू म्हणाली, आणि शेजारी सांगायला अनवाणीच निघाली.