काळी चार

रशीदभाई कुठल्याही आवाजाला पट्टी दिल्याशिवाय पुढे जात नसत. रिक्षाचा भोंगा वाजला की "पांढरी दोन". कुकरची शिट्टी झाली की "काळी पाच, पण फुटकी". पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्यांच्या कानात कायमच्या बसवलेल्या होत्या आणि नवीन जालन्याचा सगळा गोंगाट ते त्यांवर मोजून घेत. एकदा बियाण्याच्या कंपनीतले एक साहेब जाहिरातीला आवाज द्यायला आले, तर भाईंनी त्यांच्या शिंकेचीही पट्टी सांगितली. साहेबांना तो सत्कार वाटला.

स्टेशनच्या रस्त्यावर, एका पेढीच्या माडीवर आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. कपाशीच्या जाहिराती, भजनं, कव्वाल्या आणि उमेदवारांची आश्वासनं तिथे सारख्याच भक्तिभावाने रेकॉर्ड होत. टेप होती तोवर भाई एकटेच सगळं बघत. सन दोन हजारच्या आसपास कम्प्युटर आला आणि त्याच्यामागून मी आलो. मी हसनाबादचा, घरची शेती, तीन महिन्यांचा कोर्स केलेला. म्हणजे त्या दिवसांतला शास्त्रज्ञच. भाई मला "पाटील" म्हणत आणि कम्प्युटरला "तुमचे साहेब".

रेकॉर्डिंगच्या आधी ते सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावत आणि मिनिटभर गप्प बसवत. "पयले खोली ऐका, मंग माणूस." त्या मिनिटात मी सेटिंगच्या चौकटी उघडून बसे. त्यातलं भाईंना काही कळत नाही, हे मला फार आवडायचं.

वडीगोद्रीचे गोविंदबुवा भजनं गायला आले, त्या दिवशी मी आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो आकडा चव्वेचाळीस हजार शंभरवरून अठ्ठेचाळीस हजारांवर नेला. मोठा आकडा चांगला, एवढं शास्त्र मला येत होतं. बुवा काळी चारमध्ये गायले आणि आपली पेटी घेऊन गावी गेले. दुसऱ्या दिवशी सीडीसाठी मी आकडा परत खाली आणला, तर पडद्यावर एक चौकट आली. कालचं रेकॉर्डिंग नव्या आकड्यात बदलून घेऊ का? होय की नाही? बदलायला चाळीस मिनिटं लागणार होती आणि माझा डबा गार होत होता. मी "नाही" दाबलं.

जेवून आलो तर भाई हेडफोन लावून बसलेले. दोन ओळी ऐकून त्यांनी ते काढले.

"पाटील, बुवा काळी चारमधी गायलेत. हे काळी तीनला चिकटून चाललंय. लय बी बसलीय."

मी म्हणालो, पेटी आणि आवाज जुळतायत ना, मग बिघडलं कुठे? जुळत होतेच, दोघं मिळून खाली उतरले होते. भाई म्हणाले, बुवांची पेटी मागवा, लावून बघू. त्यावर मी जे बोललो ते इतकी वर्षं घरातसुद्धा सांगितलेलं नाही.

"भाई, मशीन चुकत नसतं. वय झालं की कान उतरतात."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. आठवड्याने बुवा ऐकायला आले आणि डोळे मिटून म्हणाले, "काय वजन आणलंय हो आवाजाला, तुमच्या कम्प्युटरनं." झालं. कौतुक करणारा असला की माणूस दुसऱ्याचा आवाजही आपला म्हणून घेतो. मग गावोगावचे भजनी "बुवांसारखं वजन" मागत आले आणि माझ्या आळसाचं नाव झालं.

भाई औरंगाबादला कानाच्या डॉक्टरांना दाखवून आले. वयाच्या मानाने कान चांगले आहेत, असं डॉक्टर म्हणाले. भाईंनी त्यातलं वय तेवढं घेतलं. हेडफोन फडक्याने पुसून माझ्या टेबलावर ठेवले. "आता तुमीच ऐका, पाटील. माझ्या कानाचा भरवसा न्हाई राह्यला." दुसऱ्या दिवसापासून ते पुतण्याच्या कापडाच्या दुकानात बसू लागले.

तीन महिन्यांनी दुसऱ्या एका रेकॉर्डिंगला तीच चौकट पुन्हा आली. त्या दिवशी डबा यायचा होता, म्हणून "होय" दाबलं. आवाज जागच्या जागी राहिला, आणि मी बुवांच्या वेळी काय केलं होतं ते मला कळलं: "नाही" म्हटलं की तेच नमुने सावकाश वाजतात, आणि लयीबरोबर सूरही खाली येतो.

मी भाईंकडे दुकानात गेलो, पेढे घेऊन. कबुली द्यायला पेढे नेणारा मीच असेन. चहा झाला. स्टुडिओ कसा चाललाय, त्यांनी विचारलं. एकदम बराबर, मी म्हणालो. तेवढ्यात स्टेशनात गाडीचा भोंगा वाजला. भाईंच्या हातातलं कापड थांबलं.

"काळी एक व्हती ना, पाटील?"

जन्मभर सांगत आलेला माणूस मला विचारत होता.

"मला त्यातलं कळत नाही, भाई," मी म्हणालो. त्यांच्याशी मी खरं बोललो ते तेवढंच. त्यांनी मान हलवली आणि एक पेढा माझ्याच हातावर ठेवला.

त्यानंतरही मी जात राहिलो. दर वेळी चहा झाला. दोन वर्षांनी भाई गेले. जनाज्याला मी खांदा दिला, आणि लोक म्हणाले, पाटलांची माया बघा.

परवा ती जुनी फाइल सापडली. नव्या कम्प्युटरमध्ये घातली, तर तोच प्रश्न आला. "होय" दाबलं. चाळीस मिनिटांचं काम चार सेकंदांत झालं. मग शेजारच्या शाळेतून पेटी मागून आणली, बुवांना सुरू केलं आणि चौथी काळी पट्टी दाबून धरली.

जुळली.