खंडेनवमीला अडलेली खाणगाडी

माझं शिक्षण चौथी पास, तेही मास्तरांनी ढकललं म्हणून. पण यंत्राचा आवाज मला लगेच कळतो, आणि ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. इचलकरंजीत तीस वर्षं जॉबर होतो. जॉबर म्हणजे बिघडलेले माग चालू करणारा. पुढं मुलाने कॅनडाला बोलावून घेतलं. तो कॉम्प्युटरवाला. त्याच्या बेसमेंटमध्ये बसून टीव्ही बघणं मला काही जमेना, म्हणून तिथल्या वॉन गावातल्या एका मोठ्या पार्कात, पाळणे-बिळणे असतात तसल्या, मी दुरुस्ती खात्यात लागलो. मुलगा म्हणाला, "बाबा, मित्र विचारतात हो, तुमचे वडील काय करतात." मी म्हटलं, "सांग की, तुझ्या वयाला लाजवेल एवढं काम करतात."

माझ्या ताब्यात खाणीची गाडी होती. आठ माणसांचा डबा, असे पाच सुटे डबे. अंधाऱ्या बोगद्यातून हळूहळू जायचे. आत प्लास्टरचे खाणकामगार, दोन खेचरं, आणि एक म्हातारा होता, तो कंदील वर-खाली करायचा. शेवटी बोगद्याबाहेर एक चढ, रांगेसमोरच. तिथं रुळांच्या मध्ये जाड चेन फिरायची, ती डब्याला धरून वर ओढायची. भीती नाही, वेग नाही. मला पहिल्या दिवशी वाटलं, हे बघायला लोक पैसे देतात?

देत होते. आणि नुसते पैसे नाही, तिच्यावर जीव टाकत होते, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. पार्काने जाहीर केलं की हंगाम संपला की खाण बंद. रूळ तेच, डबे तेच, पण आतली सोंगं काढून कुठल्याशा नव्या सिनेमातली भुतं बसवायची आणि बसणाऱ्यांच्या हातात खेळण्यातल्या बंदुका द्यायच्या. झालं! दुसऱ्या आठवड्यापासून लोक मयताला यावेत तसे यायला लागले. चांगले पन्नाशीचे बाप्ये, पोटं सुटलेले, छातीवर कंदीलवाल्याचं चित्र छापलेले शर्ट. एकीने तर तो कंदीलवाला दंडावर गोंदवून घेतला होता. एक जोडपं म्हणे ह्याच रांगेत पहिल्यांदा भेटलं होतं, ते लग्नाच्या कपड्यांत आलं. एक कॉलेजातली मुलगी रांगेत सहज म्हणाली की बंदुका मस्त असतील, तर मागच्या-पुढच्यांनी तिला एवढं हुसकावलं की बिचारी रांग सोडून गेली.

ह्या सगळ्यांचा पुढारी एक दाढीवाला. उत्तरेकडच्या कुठल्या तरी गावात शाळेची बस चालवायचा. दर शनिवारी चार-पाच तास गाडी हाणत यायचा. ह्या खाणगाडीवर त्याने इंटरनेटवर एक पान काढलं होतं, तिथं ही सगळी मंडळी रडायची आणि शिव्या द्यायची.

त्या शिव्या माझ्यापर्यंत पोचायचं कारण नव्हतं. पण सप्टेंबरात एका खेचराचा पाय गंजून हलायला लागला होता. मी तो सोडवून वर्कशॉपकडे नेत होतो, काखेत धरून. दाढीवाल्याने लांबून फोटो काढला. त्याच आठवड्यात माझी नात जेवताना म्हणाली, "आजोबा, यू आर ऑन द इंटरनेट." मी म्हटलं, "दाखव." तिने दाखवलं. मी, माझा मळका सदरा, काखेत खेचराचा पाय. खाली काहीतरी लिहिलेलं.

"काय म्हणतोय?"

तिच्या बापाने तिच्याकडे डोळे वटारले. मी म्हटलं, "वाच."

"दे आर कॉलिंग यू द बुचर. दे थिंक यू आर ब्रेकिंग इट."

बुचर म्हणजे कसाई, एवढं इंग्रजी मला येतं. जन्मभर मी मशिनी जोडल्या. एकही मोडली नाही. मुलगा म्हणाला, "सोडून द्या हो बाबा, हे रिकामटेकडे लोक." मी ताट सरकवलं आणि उठलो. पुढच्या शनिवारी तो दाढीवाला रांगेत दिसला तेव्हा त्याने माझ्याकडे बघून नाराजीने मान हलवली आणि मी थुंकलो. म्हणजे जमिनीवरच.

तो पाय मी नीट वेल्ड करून परत बसवला होता. ते कुणी फोटोत काढलं नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा. माग धुवायचे, हळद-कुंकू लावायचं, पाने-हातोडे मांडून त्यांना फुलं वाहायची, आणि त्या दिवशी हत्याराला विसावा. उचलायचं नाही. एकदा मालक स्वतः दारात येऊन उभा राहिला होता तरी मी पाना उचलला नव्हता. वॉनमध्येही मी दरवर्षी मोटारच्या खोलीत पूजा करायचो. शरद ऋतूत पार्क शनिवार-रविवारीच उघडं, आणि खंडेनवमी आजवर मधल्या वारी आली होती, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. त्या वर्षी ती नेमकी शनिवारी आली.

आमची सुपरवायझर पंजाबी बाई. तिला मी सकाळीच सांगून ठेवलं, हिंदीत. "आज मैं देखेगा सब. लेकिन हत्यार नहीं उठाएगा."

"क्यों अंकलजी, हड़ताल?"

"पूजा."

ती हसली. म्हणाली, "कोई बात नहीं. आज कुछ टूटेगा नहीं." आणि गेली.

मी धुतलेल्या फडक्यावर सगळे पाने ओळीने मांडले, त्यांना भरपूर हळद-कुंकू लावलं, ग्रोसरीतून आणलेला झेंडू वाहिला, नारळ बाहेर कट्ट्यावर फोडला.

अकराच्या सुमाराला चढावरून आवाज आला. खट्, मग घरघर, मग काहीच नाही. मी बाहेर आलो. चेन चाकावरून उतरली होती आणि एक भरलेला डबा चढाच्या मध्येच. डब्याला मागं न घसरण्याचा अडसर असतो, त्यामुळे धोका नव्हता. मी मेन स्विच पाडला, त्याला माझं कुलूप लावलं, म्हणजे मी काढल्याशिवाय कुणी चालू करू शकत नाही. लोकांना डब्यात बसवायला असतात त्या पोरींनी बाजूच्या पायऱ्यांवरून त्यांना उतरवलं. सात उतरले. आठवा उतरेना. दाढीवाला!

"सर, प्लीज," पंजाबी बाई म्हणाली.

तो माझ्याकडे बोट करून ओरडला. "त्याने मोडली! त्यालाच हवं होतं. लोक शेवटचं बघायला आलेत आणि ह्याने मुद्दाम मोडली!" तो इंग्रजीतच बोलला, पण मला एकेक शब्द कळला. खाली रांगेत तीनशेक माणसं. त्यांनी तो शब्द उचलला. बुचर, बुचर. मागून कुणीतरी कागदी कप फेकला, तो माझ्या पायाशी पडला.

बाईचा वॉकीटॉकी बोलायला लागला. ती कानाला लावून ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. "अंकलजी, ऑफिस म्हणतंय, अर्ध्या तासात नाही चालली तर कायमची बंद करा. तशीही बदलायचीच आहे." आमच्याकडे दुसरा मेकॅनिक एक इटालियन होता, तो पार्काच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या पाळण्यावर अडकलेला. त्याची पेटी कुलूपबंद.

"अर्ध्या तासात तो येणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीच आहात फक्त."

मी मोटारच्या खोलीत गेलो. पाने पिवळेधमक, झेंडूत बसलेले. मी उभाच राहिलो. आमचे वडील सांगायचे, नवमीला हत्यार उचलणाऱ्याचा हात वर्षभर थरथर कापतो. मी काही सगळं मानणारा माणूस नाही, पण हे एक मी कधी मोडलं नव्हतं. न उचलावं, तर गाडी आजच बंद. मग उद्या इंटरनेटवर काय येणार, ते नात परत वाचणार, आणि ह्या वेळी ते खोटं आहे असं मला कुणाला सांगता येणार नाही. यंत्र माझ्या ताब्यात असताना पडलं आणि मी हात बांधून उभा राहिलो, हे तर खरंच असणार.

बाहेर बुचर बुचर चालूच होतं.

मी वाकून पाया पडलो. म्हटलं, "चूक माझी, तुमची न्हाई." आणि चोवीस नंबरचा पाना आणि पहार उचलली.

चढावर आलो तर दाढीवाला अजून डब्यातच, हाताची घडी घालून. मी बाईला म्हटलं, "ह्याला सांग, खाली उतर. मी मोडली म्हणतोस ना? ये आणि बघ. पायरीवर उभा राहा, कठडा ओलांडायचा नाही."

"अंकलजी, पब्लिकला अलाउड नाही."

"मग तूच ऑफिसला सांग, की मी काही उचलत नाही."

तिने कपाळाला हात लावला. त्याला सांगितलं. तो उतरला, पायरीवर येऊन उभा राहिला. मी फळ्या काढल्या. चेनचं चाक दिसलं. ताण धरणारा बोल्ट सैल होऊन मागं सरकला होता. मी बोट दाखवलं. त्याने वाकून बघितलं.

मी चेन पहारीने चाकावर चढवली, बोल्ट आवळला. आवळताना तो शेवटी फिरतच राहिला. आटे झिजलेले. म्हणजे परत उतरणार. माझी पाठ घामाने ओली, आणि घड्याळ बघायची हिंमत नाही.

तेवढ्यात दाढीवाला बोलला. हळू. बाईने सांगितलं, "म्हणतोय, गेले दोन शनिवार चेन वरच्या टोकाला टक-टक करायची. खाली नाही, वर. त्याने टेपवर धरलंय."

मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. डोळे लाल झाले होते बाप्याचे. "वर?" मी बोट वर करून विचारलं. "अप?"

"अप," तो म्हणाला, आणि जिभेने आवाज काढला. टक. टक-टक. टक.

बेअरिंग. दुसरं काय असणार! मी वर चढलो. वरच्या चाकाचं बेअरिंग एका बाजूला खाल्लेलं, चाक तिरकं चाललेलं, त्यानेच चेनला हिसके बसून खालचा बोल्ट सैल झाला होता. हा आवाज मला कळला नव्हता. रांगेतल्या गोंगाटात मी कान दिला नव्हता, असं म्हणा. त्या बसवाल्याला कळला होता. ते मला झोंबलं, पण खोटं का लिहू.

बेअरिंग स्टोअरमध्ये होतं. बदललं. खालचा बोल्ट नवा घातला आणि त्यावर दुसरा नट उलटा आवळून बांधला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बाई म्हणाली अठ्ठावीस मिनिटं.

मी कुलूप काढलं नाही. बाईला म्हटलं, "आधी ह्याला विचार. कुणी मोडली?"

तिने विचारलं. दाढीवाल्याने माझ्या काळ्या-पिवळ्या हातांकडे बघितलं, मग खाली रांगेकडे. मी तिथंच उभा. ऑफिसवाले वॉकीटॉकीवर ओरडत होते, पण किल्ली माझ्या खिशात होती.

तो पायरीवरून पुढं झाला आणि मोठ्यांदा म्हणाला. "बेअरिंग गेलं होतं. ह्या माणसाने मोडली नाही. ह्याने दुरुस्त केली. मी चुकीचं लिहिलं होतं." बस चालवणाऱ्या माणसाचा आवाज तो, पोरांना गप्प करणारा. बुचर बुचर बंद पडलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं.

त्याने माझ्यापुढं हात केला. मी हात दिला नाही. कुलूप काढलं आणि स्विच वर केला.

चेनने डबा धरला. गाडी वर गेली.

संध्याकाळी बंद होईपर्यंत मी चढापाशी उभा होतो, कान लावून. दाढीवाला परत परत रांग धरून येत होता. दर वेळी वर जाताना मला बघून हात वर करायचा. पहिल्या तीन फेऱ्यांना मी मान फिरवली. चौथ्या फेरीला म्हटलं, जाऊ दे. तेलकट हात थोडा वर केला. कोपरापर्यंतच.