नवरीची जीप आणि फुगियांचं तेल

माझगावच्या कास्मीरने जन्मभर गोदीत डिझेल इंजिनं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर बायको कॅथरीनचं डोकं खाल्लं. आता त्याने आपल्या जुन्या जीपला दुसरी टाकी बसवली होती. लेक नेरिसाच्या लग्नाच्या फुगिया, म्हणजे मैद्याचे फुगीर गोळे, तळून उरलेलं तेल त्याने गाळून तिच्यात ओतलं. नवरी दादरच्या चर्चला याच तेलावर जाणार, असा हट्ट!

“गाडी वाटेत बसली तर नेरिसाला टॅक्सीत घालीन आणि तुला कढईत,” कॅथरीनने बजावलं.

डिसेंबरच्या गारव्याने तेल दाटलं होतं. असं तेल पाजलं तर इंजिन गुदमरतं. म्हणून कास्मीर डिझेलवरच निघाला. इंजिनाचं कढत पाणी तेलाच्या टाकीत बसवलेल्या नळीतून फिरत राहिलं.

“डॅडी, आता?”

“थांब गो, तापू दे.”

भायखळ्याला तेलाच्या तापमानाचा काटा चढला. त्याने डिझेल बंद करून तेलाची कळ फिरवली.

इंजिन साधं खोकललंही नाही. उलट धडधड मऊ झाली आणि मागे फुगियांचा घमघमाट सुटला. तोंडाळ कॅथरीनने गुपचूप क्रुसाची खूण केली.

दादरला नवरी चर्चच्या पायऱ्या चढू लागली, तरी आई जीपपाशीच खिळलेली.

“कास्मीर, हे तेल काल माझ्या कढईत होतं रे!”